परड्यात शिक्रा आला तर...

सकाळचे आठ-साडेआठ वाजलेले असतात. जास्वंदीवर शिंजीर लगबग करीत असतो. बुलबुलांची जोडी कढीपत्त्याची काळी फळे टिपत असते. तारेवर साळुंक्यांचे भांडण चाललेले असते. आणि एकाएकी सगळे चिडीचूप होते. एखादी खार तेवढी खोडाला चिकटून, शेपटी झटकत, चिर्र-चिर्र असा एकच सूर लावून बसते. खिडकीतून नीट पाहिले, तर आंब्याच्या मधल्या फांदीवर पानांच्या आडोशाला कबुतराएवढा एक राखाडी पक्षी ताठ बसलेला दिसतो. छातीवर विटकरी रंगाच्या बारीक आडव्या रेघा, शेपटीवर गडद पट्टे आणि लालभडक डोळे. हा शिक्रा.

कोल्हापुरात ज्यांच्या घरामागे थोडे परडे आहे, दोन-चार झाडे आहेत, त्यांच्यापैकी अनेकांनी त्याला पाहिलेले असते. मग प्रश्न सुरू होतात. हा आमचे बुलबुल संपवून टाकील का? कोंबडीची पिल्ले नेईल का? याला हाकलावे का? रात्री पिंगळा ओरडतो, ते अशुभ असते का? घार डोक्यावर झडप घालते, मग मुलांना गच्चीवर सोडावे की नाही? प्रश्न साधे आहेत. पण घरोघरी त्यांची काय उत्तरे दिली जातात, यावर या पक्ष्यांचे आपल्या गावात राहणे अगर न राहणे ठरते. म्हणून शिकारी पक्ष्यांच्या शेजाराविषयी आज थोडे बोलू.

पहिली गोष्ट ही, की हे पक्षी वाट चुकून आलेले नसतात. कोल्हापूरची ठेवणच त्यांना मानवणारी आहे. रंकाळा, कळंबा यांसारखे तलाव, पंचगंगेचा काठ, शहराला भिडलेले उसाचे मळे आणि पश्चिमेला थोड्याच अंतरावर सह्याद्रीची रांग. शहरात ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी अशा भागांत बंगल्यांभोवती जुनी झाडे आहेत. टाऊन हॉलच्या बागेत आणि शिवाजी विद्यापीठाच्या आवारात मोठे वृक्ष आहेत. पेठांतल्या जुन्या घरांच्या भिंतींत कोनाडे आणि खबदाडी आहेत. झाडे असली की किडे आले, किडे आले की सरडे आणि छोटे पक्षी आले, धान्य असले की उंदीर आले, आणि या सर्वांच्या मागोमाग त्यांना खाणारेही आले. शिक्रा, घार, पिंगळा आणि गव्हाणी घुबड हे चार शिकारी पक्षी माणसांच्या वस्तीत बारमाही राहणारे. याखेरीज तलावाकाठी पांढऱ्या डोक्याची, विटकरी अंगाची ब्राह्मणी घार दिसते, गावाबाहेरच्या माळावर तारेवर बसलेली कापशी दिसते आणि हिवाळ्यात खरुची, भोवत्या असे पाहुणे येऊन जातात. परड्याशी संबंध येतो तो मुख्यतः पहिल्या चौघांचा.

आधी शिक्र्याची ओळख पक्की करून घेऊ. त्याचे नाव फारसीतील ‘शिकार’ या शब्दाच्या घरातले. तो लवकर माणसाळतो आणि शिकवल्याप्रमाणे शिकार करतो, म्हणून जुन्या काळी बाजदारांचा तो आवडता पक्षी होता. बाज बाळगून शिकार करण्याच्या विद्येवर संस्कृतात ‘श्यैनिकशास्त्र’ नावाचा स्वतंत्र ग्रंथ आहे. तो कुमाऊंच्या रुद्रदेव राजाच्या नावावर आहे. आपल्या कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकरवी काळविटांची शिकार होत असे, हे अनेकांनी ऐकलेले असेल. माणसाने शिकारी प्राण्यांना हाताशी धरण्याचा तो काळ संपला. आता ते स्वतःच्या पोटासाठी शिकार करतात, एवढेच.

नर शिक्रा राखाडी आणि लाल डोळ्यांचा. मादी त्याच्यापेक्षा अंगाने मोठी, पाठीवर तपकिरी झाक असलेली, आणि तिचे डोळे पिवळट नारिंगी. कोवळ्या पिल्लाच्या छातीवर आडव्या रेघांऐवजी तपकिरी ओघळ दिसतात. या वेशाची नक्कल करणारा एक पक्षी आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. मृगाच्या तोंडावर ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असे ओरडून शेतकऱ्याला जागे करणारा पावशा. रंग, उडण्याची ढब, फांदीवर येऊन बसण्याची रीत या सगळ्यांत तो शिक्र्यासारखा दिसतो. त्याची मादी आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालते. शिक्रा आला असे वाटून सातभाई गडबडले तर तिचे काम सोपे होते. कोतवाल हा काळा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी तर शिक्र्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. तेव्हा प्रत्येक वेळी आवाज ऐकला म्हणजे शिक्रा आला असे समजू नये. चोच पाहावी. शिक्र्याची आखूड आणि बाकदार असते, पावशाची तशी नसते.

आता मुख्य प्रश्न. हा परड्यातली पाखरे संपवतो का?

शिक्र्याच्या जेवणात पाखरे असतात हे खरे, पण ती त्याची एकमेव शिकार नव्हे. सरडे, बेडूक, उंदीर, क्वचित खारीचे पिल्लू, नाकतोडे, पहिल्या पावसात उडणारी पंखवाली वाळवी हे सगळे तो खातो. शिवाय प्रत्येक झेप साधतेच असेही नाही. बहुतेक झेपा फुकट जातात. त्याला पाहून सगळी बाग गप्प होते, ती उगाच नव्हे. खार, बुलबुल, सातभाई हे एकमेकांचे पहारेकरी असतात. एकाने हाक दिली की सर्वांना कळते. कधी कधी तर कावळे आणि कोतवाल त्याच्या मागे लागून त्यालाच हुसकावून देतात.

थोडा हिशेब करून पाहू. बुलबुलांची एक जोडी वर्षाकाठी दोनदा-तीनदा घरटे करते आणि दर वेळी दोन-तीन अंडी घालते. त्यांतली चारच पिल्ले मोठी झाली असे धरू आणि कोणीही मेले नाही असेही मानू. पहिल्या वर्षाअखेर दोनाचे सहा होतील, दुसऱ्या वर्षी अठरा, तिसऱ्या वर्षी चोपन्न, चौथ्या वर्षी १६२ आणि पाचव्या वर्षी ४८६. एका जोडीपासून पाच वर्षांत पावणेपाचशेच्या वर बुलबुल! आपल्या परड्यात असे कधी होत नाही. खायला पुरत नाही, घरट्याला जागा मिळत नाही, पावसात पिल्ले दगावतात, मांजर नेते, आजार येतो. म्हणजे जन्मणाऱ्या पाखरांपैकी बरीचशी या ना त्या कारणाने जाणारच असतात. शिक्रा नेतो तो या जाणाऱ्यांतला वाटा. आजारी, अननुभवी, बेसावध पाखरू त्याच्या हाती आधी लागते. उरलेल्यांना दाणापाणी आणि जागा थोडी अधिक मिळते.

हे नुसते तर्काने म्हटलेले नाही. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ वायथम नावाचे एक रान आहे. तिथल्या टिट जातीच्या छोट्या पाखरांची मोजदाद १९४७ पासून दरवर्षी होत आली आहे. आपल्या शिक्र्याचा युरोपातला भाऊबंद, ज्याला तिकडे स्पॅरोहॉक म्हणतात, तो विषारी कीटकनाशकांमुळे त्या भागातून नाहीसा झाला होता. ती कीटकनाशके आवरल्यानंतर १९७० च्या दशकात तो परतला. आता टिटची संख्या कोसळणार अशी भीती वाटणे स्वाभाविक होते. स्पॅरोहॉकने पुष्कळ पाखरे मारलीही. पण वसंतात घरटी करणाऱ्या टिटच्या जोड्या कमी झाल्या नाहीत. १९८० मध्ये पेरिन्स आणि गीर या अभ्यासकांनी हे आकडेवारीनिशी मांडले. भक्ष्य कमी झाले तर शिकारी उपाशी राहतो आणि त्याची पिल्ले जगत नाहीत. म्हणून साधारणपणे भक्ष्य किती, यावर शिकारी किती हे ठरते. तेव्हा आपल्या परड्यात शिक्रा आला याचा अर्थ परड्यात त्याला पुरेसे काहीतरी जगते आहे, असा घ्यावा. ओसाड जागी तो येऊन बसत नाही.

इथे महाभारतातली शिबी राजाची गोष्ट आठवते. ससाण्याच्या भीतीने कबूतर राजाच्या मांडीवर येऊन बसते. राजा त्याला अभय देतो. तेव्हा ससाणा विचारतो, तू याला वाचवलेस, पण मी काय खाऊ, माझ्या पिल्लांनी काय खावे? लहानपणी ही गोष्ट ऐकताना आपले सगळे लक्ष कबुतराकडे असते. पण राजाने ससाण्याचे म्हणणे खोटे ठरवले नाही. त्याचाही हक्क आहे हे मानले आणि त्याच्या अन्नाची भरपाई स्वतःच्या अंगाचे मांस देऊन केली. आपल्याला तेवढे करायचे नाही. फक्त ससाण्याचा प्रश्न ऐकून घ्यायचा आहे.

मग व्यवहारात काय करावे? पाखरांसाठी कणी किंवा बाजरी ठेवत असाल, तर ती उघड्यावर एकाच जागी ढिगाने ठेवू नये. शिक्र्याला ठराविक वेळी भरलेले ताट मिळते. शिक्रा रोज येऊ लागला, तर आठ-दहा दिवस दाणे बंद ठेवावेत. पाखरे आजूबाजूला विखुरतात आणि तोही दुसरीकडे जातो. पाण्याची परळ झुडपापासून चार-पाच हातांवर ठेवावी. अगदी खेटून ठेवली तर मांजर दबा धरते, फार दूर ठेवली तर पाखरांना आडोसा मिळत नाही. करवंद, मेंदी, डाळिंब अशी दाट झुडपे लावली तर लहान पाखरांना आसरा होतो. पाठलागाच्या भरात शिक्रा आणि पाखरू दोघेही खिडकीच्या मोठ्या काचेवर आदळतात. काचेला बाहेरून पडदा, जाळी किंवा जवळजवळ रंगाच्या रेघा असल्या की हे टळते.

कोंबडीची पिल्ले असतील तर ती मोठी होईपर्यंत डालग्याखाली किंवा जाळीच्या खुराड्यात ठेवावीत. आपल्या आजी-पणजीने हेच केले. पेठांमधून ढाबळी बाळगणाऱ्या, कबुतरे उडवणाऱ्या शौकिनांचा त्रास वेगळा आहे. हिवाळ्यात बहिरी ससाणा फिरू लागला की त्यांचा जीव खालवर होतो. एखादे चांगले शिकवलेले कबूतर जाणे म्हणजे त्या माणसाचे खरेच नुकसान असते, ते हसण्यावारी नेऊ नये. पण ससाण्यावर गलोल किंवा छऱ्याची बंदूक चालवणे हा गुन्हा आहे. ज्या दिवसांत ससाणा दिसतो त्या दिवसांत उडवण्याची वेळ आणि जागा बदलणे, हाच त्यातल्या त्यात बरा उपाय.

दिवसाच्या पाहुण्याविषयी एवढे पुरे. दिवेलागणीला पाळी बदलते. पिंपळाच्या किंवा आंब्याच्या ढोलीतून दोन वाटोळी डोकी बाहेर येतात आणि चिरर्र-चिरर्र असा कर्कश कलकलाट होतो. ही पिंगळ्याची जोडी. साळुंकीएवढे हे छोटे घुबड. पहाटेच्या अंधारात कुडमुडे वाजवीत येणारा, घरच्यांचे भविष्य सांगणारा लोककलावंतही आपल्याकडे पिंगळाच. दोघांची वेळ एक, म्हणून नावही एक. पक्ष्याच्या वाट्याला मात्र भविष्य सांगण्याचे मानधन आले नाही, वाईट बातमी आणणारा म्हणून शिव्याच आल्या. खरे तर त्याचा तो कलकलाट म्हणजे जोडीदाराशी बोलणे आणि ‘ही जागा आमची’ असे शेजाऱ्याला बजावणे, याहून अधिक काही नसते. नाकतोडे, भुंगेरे, पाली, लहान उंदीर हे त्याचे अन्न. कोणाच्या घरी काय घडणार आहे याची त्याला गंधवार्ता नसते.

गव्हाणी घुबडाची कथा याहून अवघड. पांढरा, बदामाच्या आकाराचा चेहरा, मध्यरात्री माळ्यावरून येणारी घरघर आणि किंकाळी, यामुळे माणूस दचकतो. घरघर असते पिल्लांची. ती आईबापांकडे खाणे मागत असतात. या पक्ष्याचा चेहरा म्हणजे आवाज गोळा करणारी पसरट वाटी आहे. त्याचे दोन कान एका पातळीत नसतात, एक थोडा वर आणि एक थोडा खाली असतो. त्यामुळे आवाज डावीकडून की उजवीकडून एवढेच नव्हे, तर वरून की खालून हेही त्याला नेमके कळते. पूर्ण अंधाऱ्या खोलीत केलेल्या प्रयोगांत त्याने नुसत्या खसफशीवरून उंदीर पकडला आहे. पंखांची कड दातेरी आणि मऊ असल्याने त्याच्या उडण्याचा आवाज उंदराला येत नाही.

उसाच्या आणि गुळाच्या या जिल्ह्यात उंदराने केलेली नासाडी कोणाला सांगायला नको. गव्हाणी घुबडाचे मुख्य अन्न उंदीर आणि घुशींची पिल्ले. इस्रायलमध्ये १९८० च्या दशकात सदे एलियाहू या वसाहतीतील शेतकऱ्यांनी शेतात घुबडांसाठी लाकडी पेट्या बसवायला सुरुवात केली. पुढे ती योजना देशभर पसरली आणि शेजारच्या जॉर्डनमधील शेतकरीही तिच्यात सामील झाले. मलेशियात तेलताडाच्या मळ्यांत हेच केले गेले. आपल्याकडे पेटीही बसवावी लागत नाही. जुन्या घराच्या माळ्यावर, गोदामात तो आपण होऊन येतो. आपण त्याला राहू द्यायचे की काठीने हुसकायचे, एवढाच प्रश्न असतो.

घुबडाविषयी आपल्याकडे एक समजूत आहे. घुबडाला दगड मारला तर ते तो झेलून नेते, नदीच्या पाण्यात दगडावर घासत बसते आणि तो जसजसा झिजतो तसतसा मारणारा माणूसही झिजत जातो. समजूत खोटीच, पण तिच्यामुळे कित्येक घुबडे वाचली असतील. उलट, जादूटोण्यासाठी घुबडे पकडून विकण्याचा धंदा देशात चालतो, हे ‘ट्रॅफिक’ या संस्थेने २०१० मध्ये अहवालातून उघड केले होते. भीती आणि हाव या दोन्हींतून बाहेर पडण्याचे प्रयत्नही महाराष्ट्रातच झाले आहेत. पुणे जिल्ह्यातील पिंगोरी या गावी २०१८ मध्ये इला फाउंडेशनने घुबडांचा उत्सव भरवला, शाळकरी मुलांनी घुबडांची चित्रे काढली, गाणी म्हटली. पुढच्याच वर्षी पुण्यात घुबडांवरची जागतिक परिषद झाली. आणि आपल्या पिंगळ्याचा चुलतभाऊ, रानपिंगळा, जो १८८४ नंतर कोणाला खात्रीने सापडलाच नव्हता, तो नोव्हेंबर १९९७ मध्ये पुन्हा दिसला तो महाराष्ट्रातल्याच शहाद्याजवळच्या रानात.

घुबडांना अंधश्रद्धेपेक्षाही मोठा धोका आज आपल्या घरातल्या फडताळात असतो. उंदीर मारण्याच्या वड्या. ब्रोमॅडायोलोनसारख्या औषधाने उंदीर लगेच मरत नाही. तो तीन-चार दिवस सुस्तपणे, उघड्यावर फिरत राहतो. घुबडाला किंवा घारीला असा उंदीर सहज सापडतो आणि त्याच्या अंगातले विष तिच्या अंगात जाते. रक्त गोठण्याची क्रिया बंद पडून पक्षी आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. म्हणजे फुकट काम करणाऱ्या राखणदाराला आपण विकत आणलेल्या विषाने मारतो. घरात उंदीर झाले तर पिंजरा लावावा, धान्य पत्र्याच्या डब्यात ठेवावे, बिळे सिमेंटने बुजवावीत. विष वापरावेच लागले, तर मेलेले उंदीर रोज शोधून खोल पुरावेत. कचऱ्यावर फेकू नयेत.

आता घारीकडे वळू. संतवाङ्मयात घारीला मायेची उपमा म्हणून स्थान आहे, आणि तिच्या झडपांचे कारणही ती मायाच आहे. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तिचे घरटे असते. नारळ, निलगिरी, मोबाईलचा मनोरा, जिथे उंच जागा मिळेल तिथे ती काटक्या, चिंध्या, प्लास्टिक गोळा करून घरटे बांधते. पिल्ले असताना कोणी जवळच्या गच्चीवर आले की ती डोक्यावरून झेप घेते. दिल्लीतील घारींचा अभ्यास करणाऱ्या निशांत कुमार आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये एक निष्कर्ष मांडला. जिथे माणसांची दाटी आणि उघडा कचरा जास्त, आणि जिथे पुण्य म्हणून घारींना मांस घालण्याची रीत, तिथल्या घारी घरट्याच्या रक्षणासाठी माणसावर अधिक धावून येतात. माणूस अन्न देतो म्हणून तिची भीड चेपते, हे त्यामागचे एक कारण असावे.

म्हणून घारीला गच्चीवरून मांसाचे तुकडे भिरकावू नयेत. चिकन-मटणाचा कचरा झाकून ठेवावा. घरटे जवळ असेल तर दीड-दोन महिने गच्चीवर जाताना छत्री किंवा टोपी घ्यावी, लहान मुलांबरोबर मोठ्याने असावे, वाळवणे शक्य तर दुसऱ्या बाजूला घालावीत. पिल्ले उडून गेली की घार पुन्हा आपल्या वाटेने जाते. घरटे पाडणे हा उपाय नव्हे आणि तो कायद्यातही बसत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घारी, शिक्रे, ससाणे, गरुड आणि घुबडे या सर्वांना संरक्षण दिले आहे. त्यांना मारणे, पकडणे, पाळणे, अंडी किंवा पिल्ले काढणे हा गुन्हा आहे.

कधी एखादे पिल्लू खाली पडलेले सापडते. माणसाने शिवलेले पिल्लू आईबाप घेत नाहीत, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. पिसे फुटलेले, धडधाकट पिल्लू असेल तर जाड फडक्याने धरून, टोपलीत ठेवून, ती टोपली त्याच झाडाच्या फांदीला मांजर पोहोचणार नाही अशी बांधावी आणि लांब जावे. आईबाप खाऊ घालायला येतात. जखमी मोठा पक्षी असेल तर त्याची चोच नव्हे, नख्या सांभाळाव्यात. अंगावर टॉवेल टाकून अलगद उचलावे, हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवावे आणि वनविभागाला कळवावे. दूध, पाव, भात काही देऊ नये. तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनळीत जाऊन पक्षी मरतो.

सगळ्यात जास्त जखमा होतात त्या मांज्याने. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन मांज्यावर देशभर बंदी घातली, तरी तो अजून झाडांवर लोंबताना दिसतो. दिल्लीतील नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद या भावांना तरुणपणी अशीच एक जखमी घार सापडली. पक्ष्यांच्या दवाखान्यात ती मांसाहारी म्हणून नाकारली गेली. या भावांना शरीरसौष्ठवाचा नाद होता, त्यातून स्नायूंची माहिती झाली होती. त्या बळावर त्यांनी घारींच्या पंखांवर उपचार करायला सुरुवात केली आणि पुढे हजारो पक्षी बरे केले. त्यांच्यावरचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा शौनक सेन यांचा माहितीपट २०२२ मध्ये कान महोत्सवात पुरस्कार मिळवून आला आणि २०२३ मध्ये त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. तालमींच्या कोल्हापुराला ही गोष्ट आपलीशी वाटावी. अंगात कमावलेली रग एखाद्या घारीचा पंख बसवायलाही कामी येते.

शेवटचा मुद्दा झाडांचा. शिक्रा मार्च ते जून या काळात घरटे करतो. नेमक्या त्याच दिवसांत पावसाळ्याआधीची छाटणी चालते. तारांना लागणाऱ्या फांद्या तोडाव्या लागतात हे मान्य. पण करवत लावण्याआधी पाच मिनिटे झाडाकडे पाहावे. काटक्यांचे घरटे, खाली पांढरी विष्ठा, घुबडाने टाकलेल्या केस आणि हाडांच्या गोळ्या दिसल्या तर ती एक फांदी महिनाभर राखावी. तशीच गोष्ट वाळलेल्या फांदीची. ती मोडून पडून कोणाला लागण्याचा धोका नसेल तर ठेवावी. पिंगळ्याची ढोली बहुधा अशाच जुन्या, किडलेल्या लाकडात असते. नवे झाड लावून ती लगेच मिळत नाही, तिला तीस-चाळीस वर्षे लागतात. शहरातले झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, पण ढोलीचे मोल त्या अर्जात कुठे लिहिलेले नसते. ते घरमालकानेच जाणायचे असते. आणि घरटे सापडले म्हणून फोटोसाठी रोज गर्दी करू नये, मोबाईलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नये.

हे सगळे एवढ्या काळजीने सांगण्याचे कारण आहे. एके काळी गिधाडे घारींइतकीच नेहमीची होती. ती इतकी होती की संपतील असे कोणाच्या मनात आले नाही. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत देशातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारांत नऊशे नव्व्याण्णव नाहीशी झाली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्याला कारण आहे, हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. तोवर उशीर झाला होता. ते औषध गिधाडांना मारण्यासाठी कोणी वापरले नव्हते. प्रत्येकाने आपल्या गोठ्यातले जनावर बरे करण्यासाठी वापरले होते. देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरील २०२३ च्या अहवालातही, घट झालेल्या पक्षिगटांत शिकारी पक्ष्यांचे नाव ठळकपणे आहे.

उंदराची वडी, मांज्याचा तुकडा, छाटलेली ढोली या गोष्टीही तशाच आहेत. कोणी शिक्र्याच्या किंवा घुबडाच्या वैराने त्या करीत नाही. पण त्या आपल्या परड्यात घडतात आणि आपल्याला थांबवता येतात. उद्या सकाळी बाग एकाएकी गप्प झाली, तर टाळी वाजवण्याआधी जरा खिडकीशी थांबा. पाहुणा फार वेळ बसत नाही. पाच-दहा मिनिटांत तो उठून जाईल, खार गप्प होईल आणि साळुंक्यांचे भांडण पुन्हा सुरू होईल.